समुद्रावरचा काळा-पांढरा फोटो : निघण्याआधी तिथी पाहा

समुद्रावर सहलीला गेलेल्या कुटुंबांचे फोटो पाहिले की एक गोष्ट हटकून दिसते. मागे सूर्य मावळत असतो, आकाश रंगलेले असते, पाणी चमकत असते. आणि पुढे उभ्या असलेल्या आई-वडिलांच्या, आजीच्या, मुलांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे ठिपके. मग घरी आल्यावर कुणीतरी मोबाइलवर तो फोटो ‘उजळ’ करते. चेहरे पीठ फासल्यासारखे होतात. आजीच्या कपाळावरचे गोंदण पुसले जाते. आणि घरातली मोठी मुलगी फोटो बघून म्हणते, “मी काळीच आहे, माझा फोटो चांगला येतच नाही.”

हे वाक्य आपल्या घरांतून इतक्यांदा ऐकू येते की आधी त्याचाच निकाल लावलेला बरा. मुलीच्या रंगाचा यात काडीचाही दोष नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहिले की सूर्यही पाठीमागेच येतो. कॅमेरा मागचा लखलखाट पाहतो आणि आत येणारा उजेड कमी करतो. उजेड कमी झाला की सावलीतला चेहरा बुडतो. त्या जागी कितीही गोरा माणूस उभा केला तरी तो काळाच येणार. तोच किनारा, तीच माणसे, पण वेळ सकाळची असली की सूर्य डोंगरांच्या बाजूने, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडतो. एवढ्या बदलाने निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे ओहोटीची वेळ, कपडे, उभे राहण्याची जागा आणि शेवटी घरी बसून करायची थोडी कारागिरी.

कुणी विचारील, हातात रंगीत फोटो काढणारा मोबाइल असताना काळा-पांढरा कशाला? समुद्रकाठी गेल्यावर याचे उत्तर आपोआप मिळते. फुग्यांचे रंग, भेळेच्या गाडीवरची पिवळी पाटी, निळे प्लास्टिक, कुणाचा तरी भडक टी-शर्ट, हे सगळे आधी डोळ्यांत भरते आणि आपली माणसे मागे पडतात. रंग काढून टाकले की उरतो तो उजेड, चेहरा, साडीच्या चुण्या आणि पाण्याच्या रेषा. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल छायाचित्रांतून जगासमोर ठेवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ती छायाचित्रे जमतील तिथे जरूर पाहावीत. काळ्या-पांढऱ्यात कष्टकऱ्याचा चेहरा न उजळताही किती बोलका राहतो, हे त्यांतून कळते.

दुसरेही एक कारण आहे. पूर्वी ज्यांच्या हाती आग्फाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा होता त्यांना आठवत असेल, १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो निघत. बारा म्हणजे बारा. रोल महाग, धुलाई महाग. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करी. आज एका सहलीत दोनशे फोटो निघतात आणि भिंतीवर लावण्याजोगा एकही नसतो. तेव्हा या खेपेला मनाशी ठरवा, की आपल्याजवळ बाराच फोटो आहेत.

कुठे जायचे?

पनवेलकरांना खारे पाणी नवे नाही. पनवेल हे जुने बंदर, खाडीतून इथे गलबतांची ये-जा चाले. पण खाडी म्हणजे चिखल आणि खारफुटी. तिथे कुटुंबाला वाळूत उभे करण्याची सोय नाही, आणि २०२५ मध्ये सुरू झालेल्या विमानतळामुळे खाडीकाठचा नकाशाही बदलला आहे. जवळचा आणि स्वस्तातला समुद्र पाहिजे असेल तर उरण आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत धावते. पनवेलहून बेलापूरला उतरून गाडी बदलली की झाले. तिथला पीरवाडीचा किनारा चांगला आहे, खडक आहेत, मोकळे पाणी आहे.

तरीही हा एक फोटो काढायला आम्ही अलिबागच सुचवू. पनवेलहून पेण, वडखळ करीत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर पडते. वस्तीतल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाडी ठरवली तर खर्च वाटला जातो, आणि पहाटे निघणेही जमते. अलिबाग निवडण्याचे कारण सरळ आहे. समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे, शिवरायांच्या काळात १६८० च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला. काळ्या-पांढऱ्या फोटोला मागे एक ठाम आकार लागतो. नुसते पाणी आणि नुसते आकाश सपाट दिसते. शिवाय अलिबागची वाळू काळपट आहे. ओहोटीला ती ओली असते तेव्हा आरशासारखी चकाकते आणि माणसांची प्रतिबिंबे त्यात पडतात. पांढरी साडी, काळी ओली वाळू, मागे दगडी किल्ला. रंगाची गरजच उरत नाही.

तिथीची पाऊणपट

किल्ल्याच्या बाजूला चालत जाण्याजोगी ओली वाळू ओहोटीलाच उघडी पडते. म्हणजे आपल्याला सकाळचे कोवळे ऊन आणि पूर्ण ओहोटी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. त्या रोज जुळत नाहीत. कधी जुळतील याचे गणित मात्र कोकणातल्या दर्यावर्दी माणसांनी फार पूर्वी सोपे करून ठेवले आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. प्रतिपदा म्हणजे एक, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणून पाऊण वाजता भरती. द्वितीयेला दीड वाजता. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या पंधराव्या, म्हणून सव्वाअकरा वाजता. भरती दिवसातून दोनदा येते, तेव्हा हीच वेळ दुपारची आणि रात्रीचीही धरावी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजावे.

पौर्णिमा कधी आहे हे आपल्या घरांत कुणाला विचारावे लागत नाही. वैशाखी, आषाढी, आश्विन पौर्णिमा तर लहान मुलांनाही ठाऊक असतात. तेव्हा पौर्णिमेपासूनच मोजायला सुरुवात करू. पौर्णिमेनंतरची द्वितीया घ्या. रात्री दीडला भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. डिसेंबरात इकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. पावणेआठला तो थोडा वर आलेला असतो, ऊन कोवळे असते आणि चेहऱ्यावर आडवे पडते. म्हणजे थंडीच्या दिवसांत पौर्णिमेनंतरची द्वितीया ही या फोटोची तिथी. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि आठ वाजेपर्यंत ऊन कडक होते. तेव्हा एक दिवस आधीची प्रतिपदा धरावी, कारण त्या दिवशी ओहोटी सातच्या आसपास लागते. अष्टमीला जाल तर सकाळी सहाला भरती. किल्ला पाण्यात, वाळू पाण्यात, आणि तुम्ही वरच्या कोरड्या पट्ट्यात शहाळेवाल्याच्या शेजारी उभे.

या गणितात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून निघण्याआधी वर्तमानपत्रातल्या किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या वेळांशी ते ताडून पाहावे. मुंबईची वेळ अलिबागला जवळजवळ लागू पडते.

या तिथीचा आणखी एक फायदा आहे. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस सकाळी सूर्य उगवून वर आला तरी पश्चिमेला चंद्र मावळलेला नसतो. धुके-धूळ नसेल तर समुद्रावर फिकट चंद्र दिसतो. तो फोटोत आला तर उत्तमच. पण त्याच्यावर विसंबून राहू नये.

आता थोडे सावधपणाचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी लांबवर ओसरते आणि तितकेच जोराने परत येते. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग, दुसऱ्या तासात सहावा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मे पाणी भरते. पहिला तास फसवा असतो तो यामुळे. पाणी येतच नाही असे वाटते, पोरे पुढे पुढे जातात, आणि मागच्या सखल घळी आधी भरून परतीची वाट बंद होते. पावणेआठला ओहोटी असेल तर सव्वाआठपर्यंत फोटो आटपून नऊच्या आत सगळ्यांनी किनाऱ्याला लागावे. किल्ला पाहायचाच असेल तर पाणी ओसरत असताना आधी पाहून घ्यावा, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद घालू नये. पावसाळ्यात हा बेत आखूच नये.

काय नेसायचे, कुठे उभे राहायचे

रंगीत फोटोत निळी साडी आणि तांबडी साडी वेगळ्या दिसतात. काळ्या-पांढऱ्यात गडद निळी आणि गडद तांबडी शेजारी आली की दोन्ही एकाच करड्या रंगाच्या होतात आणि दोन बाया चिकटून एकच दिसतात. म्हणून कपडे ठरवताना रंग न पाहता फिका-गडद पाहावे. घरीच मोबाइलचा ‘मोनो’ किंवा ब्लॅक अँड व्हाइट पर्याय लावून कपडे न्याहाळले की लगेच कळते. बारीक चौकड्या आणि मोठी अक्षरे छापलेले टी-शर्ट टाळावेत. आपल्या घरी वंदनेला, कार्यक्रमाला नेसायची पांढरी साडी असते, पांढरा सदरा असतो. अलिबागच्या काळ्या वाळूवर त्यासारखे दुसरे काही खुलत नाही. सगळ्यांनीच पांढरे घालावे असे नाही. एक-दोघे पांढऱ्यात, बाकीचे मधल्या छटांत, असे असले की फोटोत चढ-उतार येतो.

उभे राहण्याच्या जागेबद्दल एक गंमत आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. सपाट किनाऱ्यावर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. तुम्ही डोळ्याला लावून फोटो काढला तर ती रेषा समोरच्यांच्या डोळ्यांतून, कानांतून आरपार जाते. मान कापल्यासारखी दिसते. मोबाइल कमरेच्या उंचीवर धरला तर रेषाही कमरेवर येते, आणि सगळ्यांची डोकी मोकळ्या आकाशावर उमटतात. सकाळी पश्चिमेचे आकाश फार उजळ नसते, मध्यम निळे असते. चेहऱ्यामागे असे शांत आकाश आले की चेहरा सुटा दिसतो. किल्ला मात्र चेहऱ्याच्या मागे घेऊ नये. गडद दगड आणि गडद चेहरा एकमेकांत मिसळतात. दोन माणसांच्या मधे थोडी फट ठेवून किल्ला त्या फटीत येऊ द्यावा.

किल्ला किनाऱ्यापासून किलोमीटरभराहून अधिक लांब आहे. मोबाइलच्या साध्या भिंगातून तो आगपेटीएवढा दिसतो. यावर तोडगा असा, की कुटुंबाला आहे तिथेच ठेवावे, स्वतः पंधरा-वीस पावले मागे यावे आणि दुप्पट मोठे दाखवणारे भिंग किंवा झूम वापरावे. माणसे तेवढीच राहतात, मागचा किल्ला मोठा होतो.

सूर्य पाठीशी असल्याने फोटो काढणाऱ्याचीच सावली पुढे पडते. एवढ्या खालच्या उन्हात ती आठ-दहा मीटर लांब असते आणि नेमकी आजीच्या पायांशी जाऊन पोहोचते. म्हणून सूर्य अगदी पाठीवर न घेता एका खांद्यावर घ्यावा. थंडीत सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे डावा खांदा सोयीचा पडतो आणि सावली फोटोबाहेर उजवीकडे जाते. खांद्यावरून आलेल्या तिरप्या उजेडाने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, नाकाची कड, गोंदण असे सगळे उठून दिसते. डोळ्यांवर ऊन आल्याने मुले डोळे मिचकावतात. त्यांना डोळे मिटून उभे राहायला सांगावे आणि तीन म्हटल्यावर उघडायला लावावेत. उघडल्याच्या क्षणी बटण दाबावे. ही युक्ती म्हाताऱ्यांनाही चालते, आणि हसू फुकट मिळते.

मधल्या पायरीवरचा रंग

मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की तो चेहऱ्याच्या हिशोबाने उजेड घेतो. बाजूला येणारी उजेडाची पट्टी मग थोडी खाली ओढावी, पांढऱ्या साडीच्या चुण्या दिसू लागेपर्यंतच. पांढऱ्यातला तपशील एकदा गेला की गेला, घरी बसून तो परत आणता येत नाही. काळ्यातला थोडाफार आणता येतो. आणखी एक. बऱ्याच मोबाइलांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा करणारी सोय असते, काहींत ती आपोआप चालू असते. ती शोधून बंद करावी. फोटोही रंगीतच काढावा. काळा-पांढरा नंतर करायचा. का, ते पुढे येईलच.

इथे ॲन्सेल ॲडम्सची आठवण काढली पाहिजे. हा अमेरिकन छायाचित्रकार (१९०२-१९८४) डोंगर, झाडे, आकाश यांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी प्रसिद्ध आहे. १९४० च्या सुमारास त्याने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर उजेड मोजण्याची एक पद्धत बसवली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या कल्पायच्या आणि बटण दाबण्याआधीच ठरवायचे, की समोरची कोणती वस्तू कोणत्या पायरीवर यावी. या अकरांत पाचवी पायरी बरोबर मधली. उजेड मोजणारी यंत्रे याच मधल्या करड्या छटेवर बेतलेली असतात. आणि ॲडम्सने पाचव्या पायरीची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत उत्तरेचे निरभ्र आकाश आहे, करडा दगड आहे, आणि सावळी त्वचा आहे. उन्हातल्या गोऱ्या चेहऱ्याला त्याने सहावी पायरी दिली. म्हणजे मीटर रोखून धरावा असा चेहरा आपला. गोऱ्या माणसाच्या फोटोसाठी एक पायरी वर चढण्याचा हिशोब करावा लागतो, आपल्याला तोही नाही. “माझा फोटो चांगला येत नाही” म्हणणाऱ्या मुलीला हे आवर्जून सांगावे.

मग इतकी वर्षे हा गैरसमज का टिकला? काही अंशी तो यंत्राने आणि रसायनांनीच पसरवला. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या काचांना निळा उजेड जास्त आणि तांबडा फारच कमी कळे. माणसाच्या, त्यातही सावळ्या माणसाच्या कातडीत तांबूस-तपकिरी छटा असते. ती त्या काचेवर असेल त्याहून गडद उमटे, ओठ काळे येत, आकाश कोरे पांढरे. पुढे सगळे रंग ओळखणाऱ्या फिल्मी आल्या. तरी १९५० च्या दशकापासून रंगीत फोटो छापताना कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना नमुन्याचे जे कार्ड देई, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. आपल्याकडच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करून देत. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे छापील फोटोत पांढरे येते. कसब मोठे होते, यात शंका नाही. पण गिऱ्हाइकाने न मागताच ते केले जाई. आजची गोरे करणारी ॲप्स त्या पेन्सिलीचीच वंशज आहेत.

घरी बसून करायचे काम

फोटोवर नंतर हात फिरवणे ही काही लबाडी नव्हे. समुद्राच्या फोटोंचा इतिहासच मुळी तिथून सुरू होतो. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राचे फोटो काढले आणि लोक थक्क झाले, कारण लाटाही स्पष्ट आणि ढगही स्पष्ट. वर सांगितलेल्या काचेवर दोन्ही एकदम येणे अवघड होते. पाण्यापुरता उजेड घेतला की आकाश जळून कोरे होई. ल ग्रेने काही फोटोंत दोन काचा वापरल्या, एक समुद्राची आणि एक ढगांची, आणि क्षितिजाच्या रेषेवर त्या बेमालूम जोडल्या. पुढे लोकांच्या लक्षात आले, की तेच ढग त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर आलेले आहेत! डोळ्याला दिसले ते काचेला दिसत नव्हते म्हणून दोन काचा जोडणे आम्हाला मान्य आहे. दुसऱ्याच दिवसाचे ढग आणून बसवणे मात्र घरच्या फोटोला शोभत नाही. नातवंडे उद्या विचारतील, त्या दिवशी आभाळ असे होते का? त्यांना खरे उत्तर देता यावे.

कामाला सुरुवात करण्याआधी मूळ फोटोची एक प्रत वेगळी ठेवावी. आधी क्षितिज सरळ करावे. समुद्र एका बाजूला सांडतोय असे वाटले की पुढचे सगळे फुकट. मग कडा कापाव्यात. बाजूला आलेला परका माणूस, गाडीचे चाक, कचरा. वाळूवरचे प्लास्टिक मात्र फोटोआधी हाताने उचललेले बरे, दोन मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर रंग काढायचे. फोटो रंगीत काढायला सांगितला तो इथे उपयोगी पडतो. स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये काळा-पांढरा करताना तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर निवडता येतात. पूर्वी हीच रंगीत काच भिंगासमोर लावत. फिल्टर ज्या रंगाचा, त्या रंगाच्या वस्तू उजळतात आणि उलट रंगाच्या काळवंडतात. तांबडा लावला की निळे आकाश नाट्यमय काळे होते आणि चंद्र ठळक दिसतो, पण चेहरे उजळून सपाट होतात, गोंदण फिके पडत नसले तरी बाकीचा पोत जातो. निळा लावला की जुन्या काचांसारखे होते: आकाश कोरे आणि चेहरा कोळसा. हिरव्याने चेहरा गडद होतो, पण कातडीचा पोत छान येतो. आमचे मत नारिंगी किंवा पिवळ्याला. आकाश थोडे दबते, चेहरा जागेवर राहतो. एकेक लावून आजीच्या चेहऱ्याकडे बघत बसावे. जो फिल्टर लावल्यावर “ही आपली आजी” असे घरातली दोन माणसे म्हणतील, तो ठेवावा.

पुढचे काम तुकड्या-तुकड्याने करावे. सबंध फोटोचा उजेड एकदम वाढवला की साडीही जळते आणि आकाशही. निवडक भागावर बोट ठेवून तेवढाच उजळ किंवा गडद करण्याची सोय असते, ती वापरावी. चेहऱ्याला किंचित उजेड, आकाशाच्या वरच्या कडेला किंचित अंधार, ओल्या वाळूतल्या प्रतिबिंबांना थोडा उठाव. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चेहरा इतकाच उजळावा की डोळे, ओठ, सुरकुत्या वाचता याव्यात. शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याशी स्पर्धा करू लागला की मागे यावे. काळा खरा काळा आणि पांढरा खरा पांढरा फोटोत थोड्याच जागी असावा. किल्ल्याच्या सावल्या आणि केस काळे, साडीचा उन्हातला काठ पांढरा, बाकी सगळे मधल्या पायऱ्यांवर.

मग फोटो मिटून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. रात्री केलेले बदल सकाळी हमखास जास्त वाटतात. ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या गावी चंद्रोदयाचा एक फोटो काढला होता. त्याच एका निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षे नवनव्या प्रती छापत राहिला, आणि प्रत्येक काळात आकाश आधीपेक्षा गडद करीत गेला. आपल्याला एवढे नको, पण एक रात्र थांबायला हरकत नाही.

शेवटी छपाई. फोटो मोबाइलमध्येच राहिला तर मोबाइलबरोबर जाईल. बारा मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी सुमारे चार हजार बाय तीन हजार ठिपके असते, बारा बाय आठ इंचांना ते भरपूर झाले. मात्र मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणाचा असतो आणि बारा बाय आठचा कागद तीनास दोन. लॅबवाला मग आपल्या मनाने वरून-खालून कापतो आणि डोक्यावरचे आकाश किंवा पायांखालचे प्रतिबिंब जाते. ते कापकाम स्वतःच आधी करून द्यावे. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर तो आवळला जाऊन बारीक तपशील जातो. रंगीत कागदावर छापलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोला कधी हिरवट, कधी गुलाबी झाक येते. म्हणून आधी एक लहान प्रत काढून ती उन्हात नेऊन पाहावी, झाक असेल तर सांगावी आणि मगच मोठी छापून घ्यावी.

फ्रेममध्ये घालताना फोटोच्या मागे एक चिठ्ठी ठेवावी. गाव, तारीख, तिथी, आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण उभे आहे त्यांची पूर्ण नावे. आजीचे नाव ‘आजी’ असे लिहू नये.